यमुनेचे वळण आणि दिल्लीची कावीळ

राजधानीच्या इतिहासात सिंहासने, तहनामे आणि मिरवणुका यांना जेवढी जागा मिळते तेवढी पाण्याच्या नळांना मिळत नाही. प्लेग आणि पटकी यांनी निदान माणसे रस्त्यावर पाडली, म्हणून त्यांची नोंद झाली. कावीळ मात्र घराघरांत बाजेवर पडून राहणारी व्याधी. तिचे वर्णन बखरकाराने करावे असे तिच्यात काही नाही. तथापि १९५५-५६ च्या हिवाळ्यात दिल्ली शहरात जी काविळीची साथ आली, तिची हकीकत राजकीय इतिहासातील पुष्कळ प्रकरणांपेक्षा अधिक बोधप्रद आहे. नोकरीच्या निमित्ताने परक्या शहरात बिऱ्हाड थाटणाऱ्या आणि तिथल्या नळाचे पाणी विश्वासाने पिणाऱ्या आपणा मंडळींना तर ती ठाऊक असणे अगत्याचे आहे. एखादे संकट येण्यापूर्वी कोणकोणत्या खुणा करते आणि त्या खुणा ओळखण्यास माणसे का चुकतात, याचा तो एक उत्तम पाठ आहे.

यकृताचा आणि खुणा वाचण्याचा संबंध फार जुना आहे. बाबिलोनमध्ये बळी दिलेल्या मेंढ्याचे यकृत पाहून राज्याचे भवितव्य सांगणारे पुरोहित होते. त्यांच्या शिक्षणासाठी मातीची यकृते बनवीत आणि त्यांवर चौकटी आखून प्रत्येक भागाचे फल कोरीत. असा एक नमुना आजही लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये पाहावयास मिळतो. आपल्याकडे ऋग्वेदाच्या आणि अथर्ववेदाच्या ऋषींनी ‘हरिमा’ म्हणजे अंगाचा पिवळेपणा पोपटांसारख्या पाखरांकडे निघून जावा अशी प्रार्थना केली. परंतु प्रार्थनेवर न थांबता लक्षणांची शिस्तवार मांडणी केली ती आयुर्वेदाने. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातील सोळावा अध्याय पांडुरोगाचा आहे. त्यातच कामला, म्हणजे आपली कावीळ, येते. डोळे, त्वचा, नखे आणि मुख हळदीसारखी होतात, मलमूत्राचा रंग पालटतो, रोगी बेडकाच्या वर्णाचा दिसू लागतो, अन्न पचत नाही, अरुची येते, गळून गेल्यासारखे होते, हे सर्व तेथे नोंदलेले आहे. एवढेच नव्हे, तर पित्ताचा मार्ग अडला असता मळ तिळाच्या कुटासारखा पांढुरका होतो ही सूक्ष्म गोष्टही त्या ग्रंथकाराच्या नजरेतून निसटली नाही. ग्रीसमध्ये हिपोक्रेटिसच्या नावावरील सूत्रांत, काविळीच्या रोग्याचे यकृत कठीण झाल्यास ते वाईट लक्षण समजावे, असा इशारा आहे. तात्पर्य, डोळ्यांना दिसणारे आणि हातांना लागणारे जे काही होते ते प्राचीनांनी उत्तम रीतीने टिपले होते. मात्र व्याधी कोठून येते हे त्यांना दिसणे शक्य नव्हते, कारण ते डोळ्यांना दिसणारे नव्हतेच.

आता दिल्लीकडे वळू. त्या काळी शहराचे पाणी मुख्यतः यमुनेतून वजिराबाद येथे उपसले जाई आणि चंद्रावळ येथे शुद्ध होऊन नळांत सोडले जाई. वजिराबादच्या उपशाच्या थोडे खाली नजफगढचा नाला यमुनेला मिळतो. मूळची ही साहिबी नावाची नदी. पुढे शहराचे सांडपाणी वाहून नेणारा तो एक प्रचंड नाला झाला. उपसा वर आणि नाला खाली, तेव्हा भय नाही, असा हिशेब होता, आणि नदी आपल्या जागी राहील तोवर तो बरोबरही होता. परंतु मैदानातील नदी कागदावरच्या रेषेसारखी स्थिर नसते. १९५५ च्या पावसाळ्याच्या अखेरीस यमुनेला मोठा पूर आला. पूर ओसरल्यावर नदीचा प्रवाह दूर सरला, मध्ये वाळू साचली, आणि नाल्याचे पाणी खाली वाहून जाण्याऐवजी उपशाच्या तोंडाकडे उलटे चढू लागले. नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात, काही दिवस, दिल्लीचे पंप नदीच्या पाण्याबरोबर शहराचाच मैला मोठ्या प्रमाणात ओढून घेत होते.

हे कोणाच्याच लक्षात आले नाही असे मात्र म्हणता येणार नाही. जलशुद्धीकरणाच्या कामावरील लोकांना पाणी बिघडल्याचे कळले होते. त्यांनी तुरटी वाढविली, क्लोरीनची मात्रा वाढविली, नदीचा प्रवाह पूर्ववत करण्याची खटपट केली. त्या काळच्या शास्त्राप्रमाणे पाण्यातील जंतू मोजून पाहण्यात आले, आणि गाळून व क्लोरीन घालून निघालेले पाणी त्या कसोटीला बऱ्याच अंशी उतरत होते. विषमज्वर आणि अतिसार यांची लाट दिल्लीत उसळली नाही यावरून ही दक्षता अगदी व्यर्थ गेली असे म्हणता येत नाही. कसोटी खोटी नव्हती, पण ती अपुरी होती. क्लोरीनने जंतू मेले. त्यांहून कितीतरी सूक्ष्म असा विषाणू मैल्याच्या कणांच्या आडोशाने त्यातून पार झाला. त्या विषाणूला तेव्हा नावही नव्हते. जे मोजता येते तेवढेच अस्तित्वात आहे असे मानण्याची सवय कचेऱ्यांना असते तशी ती प्रयोगशाळांनाही असते.

मग काय झाले? काहीच नाही. हीच या कथेतील सर्वांत विचार करण्याजोगी गोष्ट आहे. नोव्हेंबरचा उत्तरार्ध शांततेत गेला. १८ नोव्हेंबरला बुल्गानिन आणि ख्रुश्चेव्ह दिल्लीत आले व त्यांच्या स्वागताला अलोट गर्दी लोटली. राज्यपुनर्रचना आयोगाच्या अहवालावरून देशभर वाद चालू होता. २१ नोव्हेंबरला मुंबईत गोळीबार झाला आणि दिल्लीतील मराठी माणसाचे सगळे लक्ष तिकडे लागून राहिले. नळांना पाणी येत होते, ते पुन्हा स्वच्छ दिसत होते. पाण्यातील बिघाडाचे प्रकरण मिटले, असे कोणालाही वाटले असते. वस्तुतः त्याच वेळी हजारो लोकांच्या यकृतांत रोगाचे बीज मूकपणे वाढत होते. या रोगाचा गुप्तकाळ, म्हणजे बीज पोटात गेल्यापासून लक्षण दिसेपर्यंतचा अवधी, साधारणतः पाच-सहा आठवड्यांचा असतो. डिसेंबर उजाडला आणि काविळीचे रोगी दिसू लागले; महिना सरता सरता त्यांची रीघ लागली, आणि जानेवारी १९५६ च्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत ती चालू राहिली. १६ जानेवारीला मुंबई केंद्रशासित करण्याची घोषणा झाली, त्या दिवशीही दिल्लीत कावीळ होती.

साथ ओसरल्यावर डॉ. रामन विश्वनाथन यांनी तिचा जो अभ्यास केला तो रोगपरिस्थितिशास्त्रात आजही आधारभूत मानतात. १९५७ साली तो प्रसिद्ध झाला. रुग्णालयांतील नोंदींवर न विसंबता घरोघरच्या नमुना पाहणीवरून त्यांनी अंदाज बांधला, तो असा की उघड कावीळ झालेले लोक सुमारे २९,३०० होते. ज्यांचे डोळे पिवळे झालेच नाहीत, पण चार दिवस अन्न गेले नाही आणि अंग मोडून आले, असे लोक याहूनही पुष्कळ अधिक असले पाहिजेत. एका आठवड्याच्या पाण्याने एवढा परिणाम केला.

त्यांच्या कोष्टकांत दोन गोष्टी चटकन डोळ्यांत भरतात. पहिली अशी की या साथीत मुलांपेक्षा तरुण आणि मध्यम वयाची माणसे अधिक आजारी पडली. दुसरी गोष्ट मन विषण्ण करणारी आहे. एरवी या रोगातून बहुतेक सर्व रोगी महिना-दीड महिन्यात उठून कामाला लागत. परंतु गर्भवती स्त्रियांत मृत्यूचे प्रमाण इतरांच्या मानाने फार मोठे होते. कोष्टकातील त्या आकड्यामागे सरकारी वसाहतींतली, निर्वासितांच्या वस्त्यांतली आणि जुन्या शहराच्या गल्ल्यांतली कितीएक घरे उभी आहेत. बाळंतपणासाठी माहेरी जायचे की इथेच राहायचे, असा विचार चालू असताना ज्यांच्यावर हा घाला आला, त्यांची नावे कोणत्याही इतिहासात नाहीत.

त्या वेळच्या वैद्यांना हे आकडे कोड्यात टाकणारे वाटले असल्यास नवल नाही. काविळीच्या विषाणूंचे ‘अ’ आणि ‘ब’ असे दोन वर्ग मॅकॅलम यांनी १९४७ साली सुचविले होते : पहिला मुखावाटे शिरणारा, दुसरा रक्तावाटे. दिल्लीची साथ पाण्यातून आली, तेव्हा ती पहिल्या वर्गाची, असे अनुमान सर्वांनी केले. परंतु आपल्या देशात त्या काळी ‘अ’ वर्गाचा संसर्ग बालपणीच, बहुधा कळूनही न येता, होऊन जाई आणि माणूस जन्मभरासाठी निर्धास्त होई. असे असता मोठी माणसेच हजारोंनी का पडावीत? आणि गर्भवतींवरच हा कोप का? रोगाने आपण निराळे असल्याची खूण केली होती. ती खूण कागदावर उतरलीही होती. पण तिचा अर्थ लागण्यास पंचवीस वर्षे जावी लागली.

‘अ’ विषाणू १९७३ साली सूक्ष्मदर्शकाखाली दिसला आणि पुढे त्याची रक्तपरीक्षा उपलब्ध झाली. त्यानंतर दिल्लीच्या साथीतील रोग्यांचे जपून ठेवलेले रक्तद्रव बाहेर काढण्यात आले. त्यांच्या जोडीला १९७५-७६ च्या अहमदाबादच्या आणि पुढच्या पुण्याच्या रोग्यांचेही नमुने तपासले गेले. या कामात अमेरिकी संशोधकांबरोबर पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेच्या डॉ. खुर्शेद पावरी यांचाही सहभाग होता. १९८० साली निष्कर्ष जाहीर झाला : हा ‘अ’ नव्हे, ‘ब’ही नव्हे. त्याच सुमारास काश्मीर खोऱ्यातील १९७८-७९ च्या भयंकर साथीचा अभ्यास करून डॉ. मोहम्मद सुलतान खुरू हेही स्वतंत्रपणे त्याच निर्णयाला आले होते. तेथेही गर्भवतींचेच बळी मोठ्या संख्येने गेले होते. १९८३ मध्ये बालायान या रशियन शास्त्रज्ञाने रोग्यांच्या मळापासून केलेला अर्क स्वतः प्राशन केला. पाच आठवड्यांनी त्याला कावीळ झाली, आणि त्याने स्वतःच्याच मळात नवा विषाणू दाखवून दिला. १९९० साली विषाणूची घडण उलगडली आणि त्याला हेपटायटिस ‘ई’ हे नाव रूढ झाले. आज जगातील ग्रंथांत या रोगाचा इतिहास दिल्लीच्या १९५५ च्या साथीपासूनच सांगण्याची प्रथा आहे.

ही हकीकत येथेच थांबविली तर ती शास्त्रज्ञांच्या विजयाची एक कथा होऊन राहील. तिचा आपल्या घराशी असलेला संबंध निराळा आहे. नदी, शरीर आणि कोष्टक या तिन्ही ठिकाणी खुणा होत्या, आणि तिन्ही ठिकाणी जी खूण सर्वांच्या नजरेत भरली ती उशिराची होती. नळाला गढूळ पाणी येणे ही उशिराची खूण. नदी सरकणे ही आधीची. माणसाच्या शरीरातही हाच क्रम असतो. डोळ्यांचा पिवळेपणा ही काविळीची सुरुवात नव्हे. रक्तातील बिलिरुबिन नावाचे पित्तरंजक द्रव्य एरवी शंभर मिलिलिटरला एक मिलिग्रॅमपेक्षा कमी असते. ते दोन-तीन मिलिग्रॅमवर गेल्याशिवाय डोळ्यांत पिवळा रंग दिसत नाही. त्याच्या आधी काही दिवस भूक अकस्मात जाते, अन्नाच्या वासानेच मळमळते, बारीक ताप येतो, उजव्या बरगडीखाली जड वाटते, विडी-सिगारेट ओढणाऱ्याला तिचाही तिटकारा येतो. मग लघवी मोहरीच्या तेलासारखी किंवा कोऱ्या चहासारखी गडद होते. ही खूण डोळ्यांच्या आधी येते, आणि सकाळी न्हाणीघरात ज्याची त्यालाच दिसते. डोळे पाहायचे ते दिवसाच्या उजेडात पाहावेत. पिवळ्या दिव्याखाली पिवळेपणा लपतो. गाजरे-पपई अतोनात खाल्ल्याने तळहात पिवळे होतात, पण डोळ्यांचे पांढरे पांढरेच राहते, हा भेदही ध्यानात ठेवावा. मळ पांढुरका होऊन अंगाला कंड सुटली, तर पित्ताच्या वाटेत अडथळा असल्याची शंका घ्यावी. चरकाने सांगितलेली तीच ही खूण.

याहून गंभीर अशा काही खुणा आहेत, त्या दिसल्यावर घरी थांबणे म्हणजे जिवाशी खेळ होय. रोगी दिवसा झोपतो आणि रात्री जागा राहतो. बोलण्यात असंबद्धता येते. स्वभाव एकाएकी पालटतो. हात पुढे धरले असता पंजे पाखराच्या पंखांसारखे फडफडतात (अ‍ॅडम्स आणि फोली यांनी १९४९ साली हे लक्षण वर्णिले). हिरड्यांतून वा नाकातून रक्त येते. ओकारी थांबत नाही. यकृत आता रक्तातील विष आवरू शकत नाही आणि ते मेंदूपर्यंत पोहोचले आहे, असा त्याचा अर्थ. गर्भवतीच्या बाबतीत तर यांपैकी काही दिसण्याची वाटच पाहू नये. काविळीची नुसती शंका येताच रुग्णालय गाठावे. अखेरच्या तीन महिन्यांत ‘ई’ काविळीने दगावण्याचे प्रमाण शंभरात वीस-पंचवीसपर्यंत जाऊ शकते.

येथे आपल्याकडील एका जुन्या समजुतीचा विचार करणे प्राप्त आहे. कावीळ उतरविणारे लोक महाराष्ट्रात आहेत तसे उत्तरेतही गावोगाव आहेत. कोणी चुन्याच्या निवळीत हात धुववून पिवळे पाणी काढून दाखवितो, कोणी गळ्यात वनस्पतीची माळ घालतो व ती लांबत गेली की रोग उतरला म्हणतो, कोणी डाग देतो, कोणी नाकात थेंब सोडतो. सुशिक्षित घरांतूनही लोक तेथे जातात, आणि बहुतेक बरे होऊन परत येतात. त्याचे कारण उताऱ्यात नाही. ‘अ’ आणि ‘ई’ या काविळी बहुतेकांत आपल्या आपण बऱ्या होतात, आणि त्या बऱ्या होण्याचे श्रेय माळेला मिळते. शंभरांतील जे थोडे दगावतात त्यांचे बोलणे ऐकू येत नाही. उतारा केल्याने अपाय होत नसेलही, पण ज्या चार दिवसांत वरील गंभीर खुणा ओळखावयाच्या असतात नेमके ते चार दिवस त्यात जातात. नाकात सोडलेले अनोळखी रस आणि तापलेल्या सळईचे डाग तर प्रत्यक्षच अपाय करतात.

सगळेच यकृतविकार काविळीसारखे बोलके नसतात हेही सांगितले पाहिजे. लेनेक या फ्रेंच वैद्याने १८१९ साली कठीण, गाठाळ, पिंगट झालेल्या यकृताला ‘सिऱ्हॉसिस’ हे नाव दिले. तो विकार वर्षानुवर्षे काही न बोलता वाढतो. मद्य, ‘ब’ आणि ‘क’ विषाणू, आणि बैठ्या जीवनातून व मधुमेहातून येणारी यकृतातील चरबी ही त्याची आजची प्रमुख कारणे आहेत. पावलांवर सूज, पोटात पाणी, छातीवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या तांबड्या रेषा, लालसर तळहात, दंडांचे मांस झडणे, डांबरासारखा काळा मळ किंवा रक्ताची ओकारी, ही त्याची लक्षणे होत. पण ती प्रकट होतात तेव्हा यकृताचा बराच भाग निकामी झालेला असतो. म्हणून येथे खूण शोधावयाची ती रक्ताच्या साध्या तपासणीत. ‘ब’ विषाणूवर लस आहे, ‘क’वर आता औषधे आहेत; न बोलणाऱ्या रोगाला बोलके करण्याचे साधन आपल्या हाती आले आहे, ते वापरले पाहिजे.

दिल्लीने आपल्या परीने धडा घेतला. १९५९ मध्ये वजिराबादला यमुनेवर बंधारा झाला आणि उपशाचे पाणी नाल्याच्या मुखापासून वेगळे राखले गेले. तथापि धडा एका शहराने घेतला म्हणून दुसऱ्याला तो आपोआप येत नाही. २०१२ साली इचलकरंजीत आणि २०१५-१६ च्या हिवाळ्यात सिमल्यात, म्हणजे दिल्लीनंतर बरोबर साठ वर्षांनी, ‘ई’ काविळीच्या साथी आल्या. सिमल्यात सांडपाणी शुद्धीकरण केंद्राचे पाणी पिण्याच्या पाण्याच्या झऱ्यात मिसळले होते. नावे बदलली, पण नाला आणि उपसा यांचे नाते तेच राहिले.

आपल्यापैकी पुष्कळांच्या टेबलावर कधी ना कधी असा कागद येतो : अमुक वस्तीत पाण्याला वास येतो, अमुक ठिकाणी क्लोरीन नेहमीपेक्षा अधिक लागत आहे, अमुक नळ गटाराला लागून गेला आहे. चार दिवसांनी पाणी स्वच्छ येऊ लागते आणि तो कागद ‘कार्यवाही पूर्ण’ असा शेरा घेऊन फायलीत जातो. १९५५ च्या नोव्हेंबरचा अनुभव असा आहे की त्या शेऱ्यानंतरच सहा आठवड्यांची खरी मुदत सुरू होते. त्या मुदतीत पाणी उकळून पिण्याची सूचना घरोघर पोहोचविणे, वस्तीतील गर्भवती स्त्रियांकडे विशेष लक्ष पुरविणे, आणि दवाखान्यांतून भूक गेल्याच्या व गडद लघवीच्या तक्रारी वाढत आहेत काय याची विचारपूस करणे, एवढे काम कोणत्याही नियमपुस्तिकेची वाट न पाहता करता येण्यासारखे आहे. त्या हिवाळ्यात दिल्लीच्या कितीएक घरांना तेवढ्या सहा आठवड्यांचा अवकाश होता, आणि तो असल्याचे त्यांना कोणी सांगितले नाही.